सगळा समुद्र रेघांनी भरल्यावर: एका काळ्या-पांढऱ्या नकाशातल्या पाण्याचं प्रकरण

प्रकरण एका किनारी प्रदेशाच्या नकाशाचं आहे. टेबलावर खेळायच्या फँटसी खेळासाठी छोटी पुस्तिका छापायची होती: पानं ए५, छपाई फक्त काळ्या शाईत. नकाशा ए३ कागदावर हातानं काढलेला, छापताना बरोबर निम्मा होणारा. पूर्वेला समुद्र, त्यात तीन बेटं, एक अरुंद खाडी; पश्चिमेच्या डोंगरातून निघून समुद्राला मिळणारी मोठी नदी आणि तिचा त्रिभुज प्रदेश; मधोमध एक सरोवर, किनाऱ्यालगत दलदल. या सगळ्यावर षट्कोनांची, म्हणजे हेक्सची जाळी. एक हेक्स सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत मूळ कागदावर १६ मिमी, छापल्यावर ८ मिमी, आणि खेळात ६ मैल.

नकाशा दिसायला देखणा होता. किनाऱ्यापासून चौकटीपर्यंत सगळा समुद्र जलरेषांनी, म्हणजे किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रेघांनी भरलेला, हाताला किती वळण आहे ते बघताक्षणी कळावं असं काम. टेबलावर मात्र तो पहिल्याच सत्रात अडला. पाचपैकी दोन खेळाडूंनी सरोवराला टेकडी समजून टेहळणीसाठी तिच्या माथ्यावर चढायचं ठरवलं. नदी कुठली आणि रस्ता कुठला हे पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. दलदल संपून समुद्र कुठे सुरू होतो ते कुणालाच सापडेना. सगळ्यात महागात पडली ती वेगळीच गोष्ट: नकाशात सरोवरातून दोन नद्या बाहेर पडत होत्या. खेळाडूंनी दुसऱ्या नदीतून होडीनं दक्षिण किनाऱ्याला उतरायचा बेत केला. नकाशाप्रमाणे तो बरोबर होता, पण जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या टिपणांत त्या दोन प्रदेशांच्या मध्ये डोंगररांग होती.

म्हणजे दोन वेगळी दुखणी एकाच कागदावर होती. एक काढण्याचं, एक भूगोलाचं. पाण्याचं काम पुन्हा करताना ती वेगळी ठेवली, कारण पहिल्यावर पेनचा उपाय चालतो, दुसऱ्यावर चालत नाही.

समुद्र करडा का झाला

पहिल्या नकाशातल्या जलरेषा ०.३० मिमीच्या पेननं, १ मिमी अंतरावर काढलेल्या होत्या. प्रत्येक मिलिमीटरात ०.३ मिमी शाई आणि ०.७ मिमी कागद, म्हणजे अख्ख्या समुद्राला ३० टक्के करडेपणा. डोंगरउतारावरच्या रेघाही साधारण तेवढ्याच दाट. निम्मं केल्यावर रेघ झाली ०.१५ मिमी आणि मधली फट ०.३५ मिमी. हातभर अंतरावरून डोळा त्या रेघा सुट्या मोजत बसत नाही, त्याला फक्त करडा पट्टा दिसतो. त्यात छापताना शाई किंवा टोनर कडेनं थोडा पसरतोच, त्यामुळे ३० टक्क्यांचे छापून आणखी जास्त होतात. समुद्र आणि डोंगर एकाच रंगाचे झाले, आणि दोघांच्या मध्ये अडकलेली किनाररेषा बुडाली. समुद्राचं नाव रेघांवरच लिहिलेलं होतं, ते तर वाचताच येईना.

समान अंतराचा तोटा आणखी वेगळा. एकात एक बसलेल्या, सारख्या अंतरावरच्या बंद रेघा दिसल्या की भूगोलाचे नकाशे वाचायची सवय असलेला डोळा त्यांना समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा समजतो. सरोवर तर मध्यापर्यंत अशा वलयांनी भरलेलं होतं. त्याची टेकडी होणारच होती. खेळाडूंची त्यात चूक नाही. त्यांनी नकाशा शिकवल्याप्रमाणे वाचला.

काळ्या-पांढऱ्या नकाशात निळा रंग नसतो, त्यामुळे कोरा कागद जमिनीचाही असतो आणि पाण्याचाही. किनाररेषा एकटी काहीच सांगत नाही. तिच्या कुठल्या बाजूला पाणी हे दुसऱ्या कुठल्या तरी खुणेनं सांगावं लागतं. ती खूण किनाऱ्याला चिकटून, पाण्याच्या बाजूला आणि फक्त त्याच बाजूला हवी. एवढं झालं की पुढचा समुद्र कोरा ठेवता येतो, आणि तो कोरा ठेवण्यातच खेळाचा फायदा आहे: जहाजाचा मार्ग, वादळाची जागा, चाच्यांचा तळ हे सगळं जीएम पेन्सिलीनं तिथेच टिपणार असतो.

जुन्या कोरीव नकाशांनी हा प्रश्न दोन प्रकारे सोडवला होता. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या कितीतरी नकाशांत किनाऱ्याला लागून आखूड आडव्या रेघांची झालर दिसते. एकोणिसाव्या शतकात किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या जलरेषा रुळल्या, किनाऱ्याजवळ दाट आणि बाहेर विरळ होत जाणाऱ्या. पुढे रंगीत छपाई स्वस्त झाली आणि निळ्या रंगानं हे काम घेतलं. पहिल्या नकाशात जलरेषा उचलल्या होत्या, पण त्यांचं विरळ होणं मागे राहिलं होतं, आणि सगळं काम तर तेच करतं.

पर्याय तपासताना

या नकाशासाठी चार पद्धती छोट्या तुकड्यांवर काढून, ५० टक्क्यांना झेरॉक्स करून पाहिल्या. आडव्या रेघांची झालर सगळ्यात भराभर होते: ३ ते ६ मिमी लांबीच्या रेघा, कागदाच्या खालच्या कडेला समांतर, १ मिमी अंतरावर. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या किनाऱ्यावर ती सुंदर दिसते. पण किनारा पूर्व-पश्चिम वळला की रेघा त्यालाच समांतर होतात, झालर मोडते आणि किनारा नुसता जाड झाल्यासारखा वाटतो. इथली खाडी नेमकी पूर्व-पश्चिम होती, म्हणून ही पद्धत बाद केली.

ठिपके उथळ पाण्याला आणि पुळणीला छान. पण ०.२० मिमीचा ठिपका निम्मा होऊन ०.१० मिमीचा राहतो आणि स्कॅन शुद्ध काळा-पांढरा करताना धूळ समजून साफही होऊ शकतो. अख्खा किनारा ठिपक्यांनी करायला वेळही फार लागतो. लाटांची चिन्हं अर्थ ताबडतोब सांगतात, मात्र ती मीठ भुरभुरल्यासारखी सगळीकडे टाकली की गवत दिसतात. पूर्ण काळा समुद्र दिसायला जबरदस्त, पण घरच्या प्रिंटरवर मोठ्या काळ्या भागात पट्टे उमटतात, आणि काळ्यावर पेन्सिल चालत नाही. ज्या नकाशावर कुणी काही लिहिणारच नाही, तिथेच तो वापरावा.

जलरेषा ठेवायच्या ठरल्या, फक्त पाच.

पाच रेघा

पेन नेहमीचेच, पिग्मा मायक्रॉन. त्यांच्यावरचा आकडा म्हणजे मिलिमीटर नव्हे, आणि हा घोटाळा इतका वारंवार होतो की मापं लिहून ठेवलेली बरी: ००५ म्हणजे ०.२० मिमी, ०१ म्हणजे ०.२५, ०२ म्हणजे ०.३०, ०३ म्हणजे ०.३५, ०५ म्हणजे ०.४५ आणि ०८ म्हणजे ०.५०. कागद गुळगुळीत हवा. खरखरीत कागदावर शाई तंतूंमधून फुटते आणि बारीक रेघेची कड केसाळ होते; मूळ आकारात ते दिसत नाही, छपाईत दिसतं.

किनाररेषा ०५ नं. पाण्यात तिच्याहून जाड काहीही येणार नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला. मग जलरेषा. मागच्या रेघेपासून अंतर अनुक्रमे ०.८, १.१, १.५, २.१ आणि ३.० मिमी; प्रत्येक अंतर आधीच्याच्या साधारण १.४ पट. पहिल्या दोन रेघा ०१ नं, पुढच्या तीन ००५ नं. किनाऱ्यापासून पाचवी रेघ ८.५ मिमीवर पडते, म्हणजे छापल्यावर ४ मिमीच्या थोडं पुढे, अर्धा हेक्स. करडेपणा किनाऱ्याशी सुमारे ३१ टक्के आणि बाहेर ७ टक्के. हा उतरता करडेपणाच पाणी दाखवतो.

अंतरं अशी का, याचं कारण छपाईत आहे. छापल्यावर पांढरी फट ०.२ मिमीच्या खाली गेली की ती भरून येण्याचा धोका असतो. किनाररेषा आणि पहिली जलरेषा यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ०.८ मिमी, दोन्ही रेघांच्या जाडीचा अर्धा-अर्धा भाग वजा केला की ०.४५ मिमी पांढरं उरतं, निम्मं होऊन ०.२२. जेमतेम बसतं. दुसऱ्या टोकाला ०.२० मिमीची रेघ ०.१० मिमी होते, आणि ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या लेझर प्रिंटरचा एक ठिपका ०.०४२ मिमीचा, म्हणजे त्या रेघेच्या वाट्याला दोन-अडीच ठिपके येतात. याहून बारीक रेघ तुटक छापते.

काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी संपूर्ण कागदावर, बेटांसकट, पहिली रेघ पुरी करायची. मग संपूर्ण कागदावर दुसरी. एक कोपरा पाचही रेघांनी संपवून पुढे सरकलं, की हात जसजसा थकतो तसं अंतर बदलतं आणि दोन कोपऱ्यांचे समुद्र वेगळे दिसतात. कागद फिरवत राहायचं, म्हणजे रेघ नेहमी स्वतःकडे ओढली जाते. आणि प्रत्येक रेघ आधीच्या रेघेकडे बघत काढायची, किनाऱ्याकडे बघत नव्हे. पहिली रेघ किनाऱ्याचा प्रत्येक खाचखळगा पाळते, दुसरी लहान खाचा सोडून देते, पाचवीला फक्त भूशिरं आणि आखातं ठाऊक असतात. चौथी आणि पाचवी सलग काढलीच नाही: ६ ते १० मिमीचे तुकडे, मध्ये १ मिमीची फट, आणि शेजारच्या दोन रेघांच्या फटी समोरासमोर येणार नाहीत अशी काळजी. त्या समोरासमोर आल्या तर समुद्रात आडवी वाट पडल्यासारखी दिसते.

बेटांची नावं, खाडीचं नाव आणि समुद्राचं नाव यांच्या जागा पेन्सिलीनं आधीच चौकोन करून राखून ठेवल्या. रेघा त्या चौकोनापाशी थांबतात. नंतर अक्षरांमागे पांढरा रंग फासून जागा केली की ती ठिगळासारखी दिसते.

खाडीच्या आत

सगळ्यात जास्त वेळ खाडीनं घेतला. तिचं तोंड मूळ कागदावर १४ मिमी रुंद, आत जाऊन ती ४ मिमीपर्यंत निमुळती होते आणि तिथे एक ओढा मिळतो. दोन्ही काठांवरून रेघा आत येतात, म्हणजे प्रत्येक रेघेचं अंतर दुप्पट मोजायचं. पाचवी रेघ ८.५ मिमीवर, दुप्पट १७. १४ मिमीच्या तोंडात ती मावतच नाही. म्हणून पाचवी खाडीत शिरत नाही, तोंडाबाहेरून किंचित आत झुकून पुढे जाते. चौथी ५.५ वर, दुप्पट ११. तोंडाशी मध्ये ३ मिमी पांढरं उरतं, म्हणून ती आत जाते, पण खाडी १३ मिमीपर्यंत निमुळती झाली की मधला पांढरा पट्टा तिच्या आधीच्या अंतराएवढाच उरतो, तिथेच ती गोल वळून परत फिरते. तिसरी आणखी आत, दुसरी त्याहून आत, आणि ओढ्याच्या मुखापर्यंत पोहोचते ती एकटी पहिली.

कसोटी सोपी: समोरासमोरच्या दोन रेघांमधलं पांढरं त्या रेघेच्या आतल्या अंतराहून कमी होऊ लागलं की तिथे वळायचं. पहिल्या नकाशात हे न केल्यानं खाडीच्या शेंड्यात रेघांचा गुंता होऊन काळा डाग पडला होता, आणि खेळाडूंनी तिथे जंगल आहे असं मानलं होतं.

वळताना टोक टोकदार होऊ द्यायचं नाही. संगणकावर निवडलेला भाग वाढवत नेऊन जलरेषा काढल्या तर भूशिराभोवती गोलाई येते, पण खाडीच्या आत सुरीच्या पात्यासारखी टोकं निघतात आणि नकाशा यंत्राचा दिसतो. हातानं काढताना ती टोकं सहज बोथट होतात. संगणकावरच काम करायचं असेल तर ६०० डीपीआयला जमिनीची निवड १९, ४५, ८०, १३० आणि २०१ पिक्सेलनं वाढवत प्रत्येक वेळी कडेला रेघ मारली की हीच अंतरं मिळतात. प्रत्येक वाढ मूळ किनाऱ्यापासून मोजायची, रेघ मारण्यापूर्वी निवड थोडी गुळगुळीत करायची, आणि बाहेरच्या दोन रेघांना मास्कवर, म्हणजे चित्राचा भाग न पुसता लपवणाऱ्या थरावर, हातानं खोडून फटी पाडायच्या.

बेटांपैकी दोन एकमेकांपासून ५ मिमीवर होती. त्यांच्या पहिल्या दोन रेघा स्वतंत्र राहिल्या, कारण १.९ ची दुप्पट ३.८ होते आणि मध्ये १.२ मिमी उरतं. तिसरीपासून पुढे दोघांना मिळून एकच वेढा, कमरेत किंचित आत दबलेला. खेळात ही दोन बेटं एकाच टोळीची होती आणि मधला उथळ भाग ओहोटीला पायी ओलांडता येत होता. वेढा एक झाल्यानं ते न लिहिताही सूचित झालं. त्या उथळ भागात मात्र ठिपके वापरले, चाळीसेक, ०३ नं, म्हणजे निम्मे होऊनही टिकतील.

नदी: आधी भूगोल, मग पेन

सरोवराच्या दोन नद्यांचा प्रश्न रेघांनी सुटणारा नव्हता. पाणी सगळ्यात खालच्या काठावरून बाहेर पडतं, आणि वाहतं पाणी तो काठ झिजवून आणखी खाली नेतं, म्हणून सरोवराला सहसा एकच वाट उरते. ज्या सरोवराला बाहेर वाटच नाही ते खारं होत जातं. कॅस्पियन आणि मृत समुद्र तसेच. नद्या खाली वाहताना एकत्र येतात, त्रिभुज प्रदेश सोडला तर फुटत नाहीत. अपवाद असतात: दक्षिण अमेरिकेत कासिकियारे ओरिनोकोपासून फुटून रिओ नेग्रोला, म्हणजे पर्यायानं ॲमेझॉनच्या खोऱ्याला मिळते. कल्पित जगात असा अपवाद ठेवायला हरकत नाही, पण तो जीएमला ठाऊक असायला हवा आणि टिपणांत असायला हवा. इथे तो नकळत झालेला होता, म्हणून दुसरी नदी सरोवरापासून तोडली. तिचा उगम डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर नेला आणि तिच्या व सरोवराच्या मध्ये पाणलोटाची रांग ठळक केली. खेळाडूंच्या होडीला आता ६ मैलांचा एक हेक्स खांद्यावरून न्यावं लागणार होतं, आणि खेळ म्हणून ते जास्त रंगतदार आहे.

पुन्हा काढताना आधी पेन्सिलीनं सगळ्या रांगा, मग त्यांच्या मधल्या नद्या, उगमाकडून मुखाकडे. उगमाशी ००५, प्रत्येक मोठ्या संगमानंतर पेन एक पायरी जाड: ०१, ०२, ०३. मोठी नदी सरोवराच्या खाली १.२ मिमीच्या पुढे जाते, तिथे ती दोन काठांची झाली, मध्ये कोरी. प्रमाणात बघितलं तर हे सगळं अतिशयोक्तच: छापलेल्या ८ मिमीत ६ मैल, म्हणजे ०.२५ मिमीची रेघ सुमारे ३०० मीटर रुंदीची नदी होते. ती अतिशयोक्ती टळत नाही, म्हणून निदान ती मुखाकडे वाढत जावी.

उपनदी मुख्य नदीला खालच्या दिशेनं तिरकी मिळते. दोघींच्या मधला टोकदार कोपरा प्रवाहाची दिशा दाखवतो, बाण लागत नाही. उलटा कोपरा पडला तर नदी डोंगर चढते. वळणांची लांबी नदीच्या रुंदीच्या दहा ते चौदा पट असते असं प्रत्यक्ष नद्यांत दिसतं, आणि काढलेल्या रेघेलाही तेच प्रमाण शोभतं: ०.३५ मिमीच्या रेघेला ४ मिमीच्या आसपास एक वळण. पहिल्या नकाशात उगमापासून मुखापर्यंत सारखीच नागमोड होती. आता डोंगरात नदी जवळजवळ सरळ, कोनाकोनानं वळणारी, आणि मैदानात सैल.

रस्त्याशी होणारा गोंधळ एका निर्णयानं मिटला. रस्त्याची जोडरेघ काढून टाकली, रस्ता झाला तुटक: २ मिमी रेघ, १ मिमी फट, शक्य तितका सरळ. नदी कायम सलग. जिथे ते एकमेकांना ओलांडतात तिथे पूल असेल तर नदी दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर तोडून आडव्या दोन आखूड रेघा. उतार असेल, म्हणजे पाण्यातून पायी जाता येत असेल, तर रस्त्याचे तुकडे तसेच चालू आणि तेवढ्यापुरती नदी तीन ठिपक्यांची. खेळाडू वाट ठरवतात ती या दोन चिन्हांवर, म्हणून ती सूचीतही सगळ्यात वर घेतली.

सरोवर आणि दलदल

सरोवराला फक्त दोन जलरेषा, ०.८ आणि १.९ मिमीवर, मध्य कोरा. पण खरा उपाय सावलीचा. नकाशातले डोंगर वायव्येकडून, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून उजेड येतोय असं धरून काढलेले होते. पाणी जमिनीहून खाली असतं, म्हणून सरोवराच्या वायव्य काठाची सावली पाण्यावर पडते: तो काठ दुसऱ्यांदा पेन फिरवून ०.८ मिमीपर्यंत जाड केला, आग्नेय काठ ०.४५ च राहिला. टेकडी असती तर उलट झालं असतं. समुद्राच्या किनाऱ्याला आणि बेटांना हाच नियम लावला की जाड बाजू पूर्वेला आणि दक्षिणेला येते, आणि जमीन पाण्यावर उचलून धरल्यासारखी दिसते. एवढ्याशा जाडीनं सरोवराची टेकडी व्हायची थांबली.

दलदलीला पहिल्या वेळी समुद्रासारख्याच रेघा होत्या. आता तिला किनाररेषाच नाही. २ ते ३ मिमीच्या आडव्या रेघा सुट्या-सुट्या, प्रत्येक तिसरीवर गवताचे तीन काटे, आणि कडेकडे जाताना विरळ. समुद्राच्या बाजूला मात्र सलग ०५ ची किनाररेषा. दलदल कुठे संपते हे जमिनीच्या बाजूला धूसर असलं तरी चालतं, समुद्राच्या बाजूला चालत नाही.

त्रिभुज प्रदेशाचे सात फाटे तीनावर आणले. मध्ये उरलेल्या जमिनीत एखादं गाव मावेल एवढी जागा हवी, नाहीतर ते बेट खेळात निरुपयोगी. मुखं समुद्रात थोडी पुढे आलेली दाखवली, कारण गाळ साचून किनारा पुढे सरकतो. २ मिमीहून अरुंद मुखासमोरून पहिली जलरेषा हलकीशी बाहेर फुगून सरळ पुढे जाते, आत शिरत नाही.

भुयारातलं पाणी

त्याच पुस्तिकेत एका भुयाराचा नकाशा होता, पाव इंचाच्या, म्हणजे ६.३५ मिमीच्या चौकोनांचा, एक चौकोन ५ फुटांचा. तिथे समुद्राचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण खडक आधीच काळ्या आडव्या-उभ्या रेघांनी भरलेला असतो आणि कोरा भाग म्हणजे चालायची फरशी. पाणी ही तिसरी जात. काठाला ०३ ची सलग रेघ, आत २ मिमीपर्यंत दोन तुटक जलरेषा, आणि चौकोनांची जाळी पाण्यात ठिपक्यांची. मध्ये खोलीचा आकडा फुटांत. पूर्ण काळा डोह आकर्षक वाटतो, पण तो खडकाला चिकटला की भिंत होतो.

स्कॅन आणि छपाई

शाई पूर्ण वाळू द्यायची, मग पेन्सिल खोडायची, तीही मऊ रबरानं दाबून-उचलून. घासलं की ००५ च्या रेघा फिक्या पडतात आणि स्कॅनमध्ये तुटतात. स्कॅन ६०० डीपीआयला, करड्या छटांत. निम्मं छापल्यावर ते प्रत्यक्षात १२०० होतं. ए३ स्कॅनर नसेल तर तीन ए४ तुकडे, शेजारच्या दोन्हींत कडेचा निदान २० मिमी भाग येईल असे. सांधा जमिनीवर घ्यायचा. जलरेषांत ०.२ मिमीचा फरकही पायरीसारखा दिसतो, डोंगराच्या रेघांत तो कुणाच्या लक्षात येत नाही.

शुद्ध काळा-पांढरा करताना थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या छटेपर्यंत काळं धरायचं तो आकडा, मध्यावर, १२८ वर ठेवला तेव्हा बाहेरच्या रेघा तुटल्या. वाढवत १६५ ला नेल्यावर त्या जुळल्या. आणखी वाढवला तर पहिली फट भरू लागते, म्हणून खाडीचा शेंडा आणि पाचवी रेघ या दोन जागा एकाच वेळी मोठ्या करून बघत आकडा ठरवला. फाइल टिफ किंवा पीएनजी. जेपीईजीत प्रत्येक रेघेभोवती करडी धूळ येते. स्क्रीनवर खेळणाऱ्यांसाठी वेगळी प्रत काढली, आणि ती करड्या स्कॅनवरूनच लहान केली: शुद्ध काळा-पांढरा नकाशा लहान करून दाखवला की समांतर जलरेषांमध्ये पाण्यावर तेल पसरल्यासारखे पट्टे उमटतात.

हेक्सची जाळी

शेवटी उरली जाळी. जमिनीवर ती पूर्ण, ००५ नं. समुद्रात फक्त कोपऱ्यांवर १ मिमीच्या तीन-तीन काड्या. बाजू काढल्याच नाहीत. जलरेषांवरचं तिसरं जाळं गेलं आणि समुद्र मोकळा झाला, तरी अंतर मोजता येतं. याचा एक अनपेक्षित उपयोग निघाला. किनाऱ्यावरचा हेक्स खेळाच्या नियमात जमीन धरायचा का पाणी, हा वाद नेहमीचा. इथे मध्यबिंदू जिथे पडतो ते ग्राह्य धरलं, आणि जमीन ठरलेल्या हेक्सच्या सहाही बाजू काढल्या, मग त्यातली एखादी समुद्रातून का जात असेना. त्यामुळे ज्याची एखादी तरी बाजू नाही तो पाण्याचा, हे नकाशावरच वाचता येतं. सरोवराचे दोन हेक्स शेजारी होते, त्यांच्यामधली बाजू काढली नाही, म्हणून तेही बरोबर वाचले जातात.

छापील प्रतीवर झालेल्या सत्रात नदी-रस्त्याचा प्रश्न आला नाही, सरोवरावर कुणी चढलं नाही. अडलं ते एकाच ठिकाणी: त्रिभुज प्रदेशातला एक हेक्स, मध्यबिंदू रुंद फाट्यात, आणि भोवतीचे सहाही हेक्स जमिनीचे. शेजाऱ्यांच्या बाजूंनी त्याच्या सहाही बाजू आपोआप पूर्ण झाल्या होत्या, आणि खेळाडूंनी तिथे तळ ठोकला. पुढच्या छपाईसाठी त्या हेक्सच्या मध्यावर ६ मिमीचं, छापून ३ मिमीचं होईल असं लाटेचं एक चिन्ह घातलं. अख्ख्या नकाशात लाट तेवढी एकच आहे.